फोटोच्या वाटचं पाणी

आमच्या सावेडीच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर एका बैलजोडीचा फोटो आहे. फोटो पोस्टकार्डाएवढा, पण चौकट मी हट्टानं मोठी करून घेतली आहे. सून म्हणते, "आई, फोटोपेक्षा फ्रेमच जास्त दिसते." दिसू दे. तिच्या माहेरच्यांच्या भिंतीवर धबधब्याची चित्रं आहेत, त्यावर मी कधी बोलले आहे का?

फोटोत दोन पांढरे खिलारी बैल आहेत. पाठीवर झुली, कपाळावर गोंडे. एका बाजूला फेटा बांधलेले माझे सासरे, म्हणजे मामंजी. दोन्ही बैलांच्या मधे सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचा हात धाकट्या बैलाच्या कपाळावर आहे. मागं काहीच नाही, नुसतं आभाळ. घरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो, "पोळ्याचा का?" मी म्हणते, नाही, बहात्तरच्या दुष्काळातला आहे. जोडी विकायला नेली त्या दिवशीचा. मग माणूस उठून फोटोजवळ जातो. मला त्या क्षणाची मजा वाटते, खोटं कशाला बोलू.

माझं माहेर कोल्हार. प्रवरा दारात असल्यामुळे पाणी जपून वापरायचं असतं हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. लग्न होऊन घोडेगावच्या अलीकडच्या एका कोरडवाहू गावात आले आणि पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. विहिरीच्या तळाचे दगड दिसायला लागले. आमचे हे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले. टँकर यायचा तेव्हा यायचा. कडब्याची गंज खालपर्यंत उतरली, आणि एके दिवशी मामंजी जेवता जेवता म्हणाले, "येत्या बाजारला जोडी न्यावी लागंल." त्यांनी भाकरीचा घास हातातच धरला होता. पुढं कुणीच जेवलं नाही.

आत्याबाई रडल्या नाहीत. त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्याच. धाकटा बैल त्यांनी वाटीनं दूध पाजून वाढवला होता, कारण तो जन्मला आणि त्याची आई गेली. तो त्यांच्यामागं अंगणभर फिरायचा, आणि त्या त्याला शिव्या द्यायच्या, त्याही अशा लाडाच्या की माझ्या वाट्याला कधी तशा आल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "फोटू काढायचा जोडीचा."

मामंजींना पटेना. "बैलाचा फोटू? लोकं दात काढतील."

"काढू द्या," आत्याबाई म्हणाल्या. मग माझ्या पोटाकडं बोट दाखवलं. मला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. "हिचं लेकरू उद्या इचारंल, आपल्या दारात बैलं कवा व्हती? आपन तर खडी फोडनारे. मंग काय दावू त्याला? रिकामी दावन?"

मामंजी उठून दावणीकडं गेले.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात लिंबाखाली एक फोटोवाला बसतो, हे साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. तिथल्या तिथं फोटो काढून हातात देतो. पण त्या वर्षी त्याची एक अट होती, तीही सगळ्यांना ठाऊक होती. फोटो धुवायचं पाणी ज्याचं त्यानं आणायचं. शेजारणीनं सांगितलं तेव्हा मी तर भडकलेच. माणसाला प्यायला नाही आणि कागद धुवायला पाणी? आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. टँकरचं पाणी आलं तशी त्यांनी एक कळशी बाजूला काढली, तोंडाला धडपं बांधलं आणि देवळीत ठेवून दिली. घरातलं त्या दिवसाचं पाणी त्या कळशीएवढं कमी झालं. कुणी तक्रार केली नाही, मी मनातल्या मनात केली.

बाजाराच्या दिवशी आम्ही निघालो त्याचं दृश्य आजही डोळ्यांपुढं आहे. पुढं आत्याबाई, कारण त्या पुढं चालल्याशिवाय धाकटा गाव सोडायला तयार नव्हता. त्यांच्यामागं जोडी. आणि मागं, खांद्यावर कळशी घेतलेले मामंजी. आमच्याकडं बाप्याच्या खांद्यावर पाण्याची कळशी कुणी पाहिली नव्हती. मला जड उचलू द्यायचं नाही असं आत्याबाईंनी ठरवलं होतं, मग उरलं कोण? वाटेत भेटणारे लोक मामंजींकडं बघून तोंड फिरवून हसत होते आणि मामंजी सरळ नाकासमोर चालत होते. मला नेण्याचं कारण आत्याबाईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं. "तू समदं नीट बघून ठेव. लेकराला सांगाया कुनी तरी पायजे."

बाजार एवढा भरला होता की रस्त्यावर मोटारी थांबल्या होत्या. सगळ्यांनाच विकायचं होतं. ती जनावरं माझ्यानं पाहवत नव्हती. आमचं नशीब बरं, प्रवरेच्या बाजूचा एक ऊसवाला शेतकरी जोडी शोधत आला होता. त्याचा आणि मामंजींचा सौदा उपरण्याखाली बोटं दाबून झाला. केवढ्याला, ते मामंजींनी कधी सांगितलं नाही आणि आम्ही कधी विचारलं नाही. आत्याबाईंनी त्या माणसाला एकच विचारलं, "पानी हाय ना तुमच्याकडं?"

"कालवा हाय दाराशी," तो म्हणाला.

"मंग थांबा थोडं. फोटू काढायचा हाय."

तो माणूस चांगला होता. हसला नाही. चहा पिऊन येतो म्हणाला.

लिंबाखाली तो फोटोवाला होता. वाळका, उंच, बोटांची नखं औषधानं काळी पडलेली. तीन पायांवर एक लाकडी पेटी उभी होती, तोच कॅमेरा आणि तीच त्याची अंधारखोली. पेटीच्या बाजूला काळ्या कापडाची बाही शिवलेली, त्यातून तो हात आत घालायचा आणि आतल्या आत फोटो तयार करायचा. पलीकडं सायकल टेकवलेली, हँडलला प्यायच्या पाण्याची छागल लटकत होती. जाड कापडाची ती पिशवी बाहेरून ओली दिसत होती, आणि खरं सांगते, त्या बाजारात सगळ्यांची नजर जाता येता तिच्यावरच पडत होती.

त्याच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती. ती उघडली तेव्हा मला वाटलं, माणसांसाठी कंगवा आरसा असेल. तेही होतं. पण त्याखाली दोन झुली होत्या, आरशांच्या टिकल्या लावलेल्या. गोंडे होते, घुंगुरमाळा होत्या, एक बांधून तयार असलेला फेटा होता. त्यानं आधी तेलाच्या बोळ्यानं बैलांची शिंगं पुसली, मग झुली घातल्या. झूल पाठीवर पडली आणि बरगड्या दिसेनाशा झाल्या. मी बघतच राहिले. आमच्या बैलांना पोळ्याला दोन वर्षं कुणी असं सजवलं नव्हतं. मामंजींच्या डोक्यावर त्यानं स्वतःच्या हातानं फेटा ठेवला, जरा तिरका केला, मागं सरून पाहिलं, परत सरळ केला.

दुसऱ्या झाडाला त्यानं एक पडदा टांगला होता, त्यावर राजवाडा आणि कारंजं रंगवलेलं. मी म्हटलं, "तिथं नाही का उभं करायचं?"

"तो माणसांसाठी," तो म्हणाला. "बैल तिथं खोटा वाटतो."

मग त्यानं बैलांना उंचवट्यावर न्यायला लावलं आणि कॅमेऱ्याचे पाय इतके आखडले की त्याला स्वतःला गुडघ्यांवर बसावं लागलं. हे कशाला ते मला कळेना. त्यानं मला बोलावलं आणि काळ्या कापडाखाली डोकं घालायला सांगितलं. आत अंधार होता आणि समोर काचेवर आमची जोडी उलटी लटकत होती. पाय वर, शिंगं खाली. मामंजी उलटे, फेटा खाली. पण त्या काचेवर जमीन नव्हती. ती करपलेली ढेकळं, ते वाळलेले बुंधे, बाजारातली हाडं निघालेली जनावरं, सगळं त्यानं खाली बसून चौकटीबाहेर टाकलं होतं. उरले होते फक्त बैल आणि आभाळ. कापडाखालून बाहेर आले तेव्हा बाजार पुन्हा होता तसाच दिसला आणि मला तो खोटा वाटला.

"हलायचं नाही," तो म्हणाला. मामंजी आधीच खांबासारखे झाले होते. थोरला बैलही उभा राहिला. धाकटा मात्र मान फिरवून आत्याबाईंना शोधायचा. फोटोवाला थांबला. घाई केली नाही की ओरडला नाही. वाट बघून बघून शेवटी म्हणाला, "मावशी, तुम्हीच या मधे."

"मी? अगं बया," आत्याबाई म्हणाल्या. भर बाजारात, नवऱ्याशेजारी, चारचौघांपुढं फोटोत उभं राहायचं ही कल्पनाच त्यांना सोसेना. पण धाकटा काही ऐकेना. शेवटी त्यांनी पदर घट्ट ओढला, मधे गेल्या आणि धाकट्याच्या कपाळावर हात ठेवला. तो पुतळ्यासारखा झाला. फोटोवाल्यानं भिंगावरचं झाकण काढलं आणि परत बसवलं. झालं.

मग त्यानं बाहीत हात घातला. आत काही तरी करत होता, डोळे मिटून, जणू जप चालला आहे. बाहेर काढला तो ओला कागद त्यानं बादलीत बुडवून समोर धरला आणि आत्याबाई ओरडल्याच.

"अरं द्येवा! आमच्या बैलांचे रेडे केले!"

खरंच, कागदावर आमची पांढरीशुभ्र जोडी काळीकुट्ट झाली होती. आत्याबाईंचं कुंकू पांढरं पडलं होतं. त्या कुंकवाकडं बघून तर त्यांचा चेहराच उतरला. आजूबाजूचे लोक हसायला लागले. फोटोवाला हसला नाही. म्हणाला, "मावशी, हा उलटा. ह्याचाच परत फोटो काढायचा, म्हंजे सुलटा होतो." त्यानं तो काळा कागद भिंगापुढच्या फळीवर चिकटवला, पुन्हा झाकण उघडलं, पुन्हा हात बाहीत. आत्याबाई पदराचं टोक तोंडात धरून उभ्या राहिल्या.

या वेळी कागद बाहेर आला आणि त्यावर आमची जोडी होती. पांढरी. झुलीच्या टिकल्या चमकत होत्या. कुंकू जागच्या जागी होतं. आत्याबाईंनी कागदाला लावायला हात पुढं केला आणि मागं घेतला. "माझा राजा," त्या धाकट्याला म्हणाल्या, की फोटोतल्या धाकट्याला, कोण जाणे.

"आता पाणी," फोटोवाला म्हणाला. त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. बादलीतलं पाणी सकाळपासूनचं, त्यात औषध उतरलेलं. त्यात बुडवून फोटो दिला तर आज छान दिसेल. पण अंगातलं औषध स्वच्छ पाण्यानं धुतलं नाही, तर वर्ष दोन वर्षांत पिवळा पडेल, मग तपकिरी, मग त्यातलं माणूसच निघून जाईल. "तुम्ही कळशी आणलीय ते बरं केलंत," तो म्हणाला.

आम्ही सगळे कळशीकडं वळलो.

झुली काढून बैलांना सोडलं होतं ते कुणाच्या लक्षात नव्हतं. धाकट्यानं नाकानं धडपं बाजूला सारलं होतं, तोंड कळशीला लावलं होतं आणि तो पीत होता. कळशीचं तोंड लहान, त्याला पुरतं पिता येत नव्हतं. मामंजी धावले. एवढ्या लांबून खांद्यावर आणलेलं, घरात तहान मारून साठवलेलं पाणी!

"थांबा," आत्याबाई म्हणाल्या. त्या कळशीजवळ गेल्या, खाली बसल्या आणि कळशी दोन्ही हातांनी तिरकी केली, म्हणजे त्याला तळाचंही पिता यावं. "पिऊ द्या त्याला. जाताना तान्हेला नको जायाला."

त्यानं शेवटचा घोट घेतला. मग आत्याबाई उठल्या, रिकामी कळशी उपडी केली आणि फोटोवाल्याला म्हणाल्या, "द्या तसाच. दिसंल तवर दिसंल."

तो माणूस तो ओला फोटो हातात धरून उभा होता. त्यानं धाकट्याकडं पाहिलं, मग आत्याबाईंकडं. सायकलकडं गेला आणि हँडलची छागल सोडली. पत्र्याच्या ट्रंकेतून एक इनॅमलची ताटली काढली, त्यात फोटो ठेवला आणि छागलीतलं पाणी ओतायला लागला.

"अवो, ते तुमचं प्यायचं पानी!" आत्याबाई त्याचा हात धरायला धावल्या.

"बैलानं त्याच्या वाटचं पेलं," तो म्हणाला. "हे फोटोच्या वाटचं."

थोडं ओतायचा, दोन बोटांनी फोटो हलवायचा, ते पाणी लिंबाच्या बुंध्याशी सांडायचा, परत थोडं ओतायचा. घाई नाही. भोवती माणसं गोळा झाली होती. पाणी सांडतंय आणि कुणी अरे म्हणत नाही, असं त्या वर्षी मी एवढं एकदाच पाहिलं. छागल चपटी झाली तेव्हा तो थांबला. फोटो उन्हाकडं तिरका धरून बघितला आणि म्हणाला, "आता ऱ्हाईल."

मी देवळात गेले आहे, तीर्थाला गेले आहे. पण कुणापुढं आपोआप हात जोडले गेले असतील तर त्या काळ्या नखांच्या माणसापुढं.

"आन तुमी काय पेनार आता?" आत्याबाईंनी विचारलं. त्याला घाट चढून नगरला सायकलवर जायचं होतं. ऊन मी म्हणत होतं.

"मिळंल की कुठं तरी," तो म्हणाला. तो म्हणाला खरा, पण त्या दिवशी घोडेगावात चहा घेतल्याशिवाय हॉटेलवाले पाण्याचा पेला पुढं करत नव्हते. आणि तोवर पुढचं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं होतं, एक म्हातारा आणि त्याची एकुलती गाय. फोटोवाल्यानं ट्रंकेतून झूल काढली.

ऊसवाला स्वतःचं नवीन दावं घेऊन आला. आमच्यात जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. आत्याबाईंनी धाकट्याच्या गळ्यातलं दावं सोडलं आणि हाताला गुंडाळून घेतलं. परतीच्या वाटेवर मामंजींच्या खांद्यावर रिकामी कळशी होती, आत्याबाईंच्या एका हातात दावं, दुसऱ्या हातात फोटो. बैलांबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. गाव जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "घाटात पानी मिळतं का गं कुठं?" मला घाटाची माहिती नव्हती. मी म्हटलं, मिळत असेल.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. विहिरीला पाणी आलं तशी आत्याबाईंनी कळशी घासून भरली, धडपं बांधलं आणि बाजाराच्या दिवशी मामंजींना म्हणाल्या, "चला." मामंजींनी विचारलंही नाही कुठं. त्यांनी कळशी खांद्यावर घेतली. लिंबाखाली कुणी नव्हतं. चहावाला म्हणाला, "त्ये गेल्या उन्हाळ्यापासून आलं न्हाईत." त्याचं नाव काय, नगरात राहतो कुठं, कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळे त्याला फोटोवालाच म्हणत. आत्याबाई पुढच्याही बाजाराला गेल्या, त्याच्या पुढच्याही. मग जाणं थांबलं, पण ते कोडं त्यांच्या मनातून गेलं नाही. कधी भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि म्हणायच्या, "दुसरीकडं कुठं बसत आसंल. व्हय ना गं?" मी व्हय म्हणायचे.

आमच्या गावात त्या दुष्काळात त्यानं काढलेले आणखीही फोटो होते. ज्यांच्याकडं पाणी नव्हतं त्यांनी बादलीतलेच नेले. त्याची त्यात काही चूक नव्हती. मी ते नंतर घरोघर पाहिले. पिवळे, मग तपकिरी, आणि आता नुसते कागद. आमचा फोटो आजही असा आहे की झुलीवरच्या टिकल्या दिसतात.

मध्यंतरी नगरात जुन्या दुष्काळाच्या छायाचित्रांचं प्रदर्शन होतं. माझ्या नातवानं हौसेनं हा फोटो नेला. परत आणला. तिथले लोक सौजन्यानं बोलले म्हणे, पण घेता येणार नाही म्हणाले. यात दुष्काळ दिसत नाही. नातू हिरमुसला होता. मी आधी चिडले आणि मग मला इतकं हसू आलं की सून धावत बाहेर आली. प्रदर्शन पाहायला मी गेले. भेगाळलेल्या जमिनी, हाडं, रिकामे हंडे. ते फोटोही खरेच होते, आणि ते शहरापर्यंत पोचले म्हणून आमच्यापर्यंत धान्य पोचलं, हे मी विसरत नाही. प्रत्येकाखाली काढणाऱ्याचं नाव होतं, ठळक. असावंच. पण गुडघ्यांवर बसून सगळा दुष्काळ चौकटीबाहेर ठेवणारा तो माणूस कुठल्या भिंतीवर नाही, आणि लावायचा म्हटला तरी खाली काय लिहिणार? त्याचं नाव आम्ही विचारलंच नाही. त्यानंही आमचं विचारलं नव्हतं.

आत्याबाई शेवटी अंथरुणाला खिळल्या तेव्हा माणसं ओळखेनाशा झाल्या होत्या. मुलाला भाऊ म्हणायच्या, मला तर काहीच म्हणायच्या नाहीत. एका दुपारी मी फोटो त्यांच्यासमोर धरला. बोट फिरवत फिरवत त्या धाकट्याच्या कपाळापाशी आल्या, स्वतःच्या हातापाशी. मला वाटलं, आता राजा म्हणतील. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "त्यानं पानी पेलं का?"

आमचे हे म्हणाले, "पेला की आई, कळशीभर पेला तुझा बैल."

त्यांनी मान हलवली. नाही. बैलाचं विचारत नव्हत्या. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "पेलं, आत्याबाई. घाटात मिळालं त्यांना." तेव्हा कुठं त्यांनी डोळे मिटले.

त्या गेल्या त्याच वर्षीपासून पोळ्याला मी हा फोटो भिंतीवरून उतरवते आणि पाटावर ठेवते. इथं बैल कुठले. जोडीला पुरणपोळी दाखवते, आणि फोटोच्या अलीकडं, जिथं तो गुडघ्यांवर बसला होता त्या बाजूला, तांब्याभर पाणी ठेवते. सून म्हणते, "आई, तांब्या बैलांच्या पुढं सरकवू का?"

"नको," मी म्हणते. "बैल पेलेत. ते त्यांचं आहे."